हातात, की बसल्या जागी?

परवा आमच्या कोपऱ्यावर अवरेकाईचा पहिला ढीग आला. अवरेकाई म्हणजे आपल्या पावट्याचीच इकडची बहीण. शेंग ठेंगणी, हाताला चिकट, आणि वास एवढा की पिशवी स्वयंपाकघरात ठेवली तर देवघरात बसलेल्याला कळावं. या वासाला इकडं सोगडु म्हणतात, आणि तो नसेल तर बेंगळूरची बाई शेंगेला हात लावत नाही. ढिगामागची बाई म्हणाली, "अक्का, मागडीचा माल आहे, स्वल्प वास तर घेऊन बघा." मी घेतला. आणि भर रस्त्यात, मागं रिक्षावाला हॉर्न वाजवत असताना, मला जुन्या रेक्झिनचा, पेट्रोलचा आणि पहाटेच्या धुक्याचा वास आला. तिथून हलायला जरा वेळ लागला. मग पिशवीभर शेंगा घेतल्या. घरात आता सोलणारी मी आणि खाणारीही मीच, पण हे त्या बाईला कशाला सांगायचं.

गेल्या वर्षीचा अवऱ्याचा हंगाम आम्ही गाडीत घालवला. आम्ही म्हणजे मी आणि हे. 'हे' म्हणजे आमचे यजमान. नावानं हाक मारायची सवय मला कधी लागली नाही आणि आता लावून उपयोग नाही. हे पीण्या नावाच्या इकडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात टूलरूमचे इन्स्पेक्टर होते. यंत्रावरून उतरलेला नग ह्यांच्या टेबलावर यायचा, हे तो मापायचे, आणि बरोबर असेल तर त्यावर पिवळ्या खडूनं बरोबरची खूण करायचे. खूण नाही तर माल दाराबाहेर नाही. घरीसुद्धा तेच. मिक्सर दुरुस्त केला की त्याच्या बुडाला पिवळी खूण, नळाला खूण, माझ्या शिवणयंत्राच्या पायाला खूण. पण ह्यांची एक अट असे. वस्तू नुसती चालू झाली म्हणून खूण मिळायची नाही. काय बिघडलं होतं ते कळलं पाहिजे. एकदा बंद पडलेला रेडिओ थापटी मारल्यावर आपोआप बोलायला लागला, तर हे तो खूण न करता महिनाभर संशयानं ऐकत होते. मी हायस्कुलात हिंदी शिकवत असे, वह्या तपासून माझ्या हाताला लाल शाईचं वळण. शेजारीपाजारी म्हणायचे, जोडा छान जमलाय, एक लाल आणि एक पिवळा.

निवृत्त झाल्यावर ह्यांनी एक जुनी मोटार आणली. गोल दिव्यांची, देशी बनावटीची, आमच्या लग्नाच्याही आधीची. कंपनीचं नाव मुद्दामच सांगत नाही, कारण कंपनीचा त्यात काही दोष नव्हता. इतकी वर्षं काढल्यावर कुणीही कुठंतरी ढिलं होणारच. ती कुणाच्या तरी शेडमध्ये कोंबड्यांच्या संगतीत उभी होती. ह्यांनी ती ओढून आणली, घराखालच्या मोकळ्या जागेत ठेवली आणि पार सुटी करून पुन्हा जोडायला घेतली. नटबोल्ट माझ्या लोणच्याच्या बरण्यांत गेले. मी भांडले, अबोला धरला, शेवटी लोणचं घालायचंच सोडून दिलं. गणपतीच्या सुमारास गाडी चालू झाली. चंदनी रंग, पांढरट पातळ स्टिअरिंग, परातीएवढं मोठं. नागराज नावाचा आमच्या गल्लीतला गॅरेजवाला ह्यांना लागेल तशी मदत करायचा. त्यानं बॉनेटवर फुलं वाहिली, लिंबू चाकाखाली ठेवलं. सगळं झालं आणि एकच दोष उरला. साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरायचं.

साठच्या खाली काही नाही. साठला सुरू, सत्तरच्या पुढं पुन्हा शांत. आता साठ ही बेंगळुरात कुणी गाठण्याची गोष्ट नव्हे. आमच्या चामराजपेटहून मार्केटला जाताना आपल्या शेजारून चालणारा माणूस आपल्या आधी पोचतो. या शहरात ही गाडी शंभर वर्षं चालवली असती तरी तिच्यात दोष आहे हे कुणाला कळलं नसतं. आमचा सुहास तेच म्हणाला. सुहास म्हणजे आमचा एकुलता एक, महादेवपुऱ्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तो म्हणाला, "अप्पा, इथं साठ होणारच नाही ना कधी. इग्नोर करा. इट्स फाइन."

"गाडी तुला द्यायचीय," हे म्हणाले. "तू एक दिवस हायवेला जाशील. तेव्हा मी शेजारी असणार नाही."

साधंच वाक्य होतं. म्हणाले आणि हात पुसून जेवायला बसले. दसऱ्याच्या आधी पोटात दुखतंय म्हणून तपासण्या केल्या, आणि त्यानंतर त्या वाक्याकडं साधं म्हणून बघता येईना.

आजाराबद्दल मी इथं फार लिहिणार नाही. ज्यांच्या घरात येऊन गेला त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना न कळो. एवढंच सांगते की डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत आमच्याकडं न बघता सुहासकडं बघून बोलायला सुरुवात केली, तेव्हाच मला काय ते उमगलं. सुहासला आशा होती, नागराजला होती, मला नव्हती. ह्यांना काय वाटत होतं ते हे बोलले नाहीत. घरी आल्यावर हे खाली गेले, गाडीपाशी पाटावर बसले, आणि वर येऊन म्हणाले, "ती थरथर मला शोधून काढायचीय. तेवढं करून देतो." मग मीही दुसरं काही मागितलं नाही. देव्हाऱ्यापुढं उभी राहून मी त्या दिवसांत जे मागत होते ते एवढंच, की ह्यांना ती थरथर सापडू दे. त्याहून मोठं मागायची हिंमत नव्हती.

आता ह्यांची पद्धत सांगितली पाहिजे, कारण सगळं तिच्यामुळंच झालं. एका वेळी एकच बदल. स्टिअरिंग थरथरण्याला कारणं भरपूर. टायर एकीकडं फुगलेला असेल, चाकाचा तोल गेलेला असेल, बेअरिंग ढिलं असेल, स्टिअरिंगपासून चाकांपर्यंत जाणाऱ्या दांड्यांचे सांधे झिजलेले असतील, ब्रेकचं ड्रम वाकडं असेल. दुसरा कुणी असता तर त्यानं सगळंच एका दिवसात बदलून टाकलं असतं. हे म्हणायचे, "मग दोष कशात होता ते कळणार कसं?" म्हणून एक रविवार, एक बदल. शनिवारी नागराजला घेऊन एकच काम करायचं आणि रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असताना, तुमकूर रोडला जाऊन साठ गाठून बघायचं. थरथर गेली नाही, तर जो भाग तपासला तो निर्दोष, त्यावर पिवळी खूण. हातात रविवार किती उरलेत हे माहीत नसलेल्या माणसानं चालवलेली ही पद्धत. मी एकदा म्हटलं, "दोन-दोन करू या की, अहो." ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी कुणाची तरी वही न वाचता मार्क दिले होते.

दिवाळीच्या पाडव्याला दांड्यांचे सांधे बदलले होते. त्या रविवारी हे एकटेच पहाटे जाऊन आले आणि जिन्यातूनच ओरडले, "गेली! अगं, गेली!" इतक्या वर्षांत हे माणूस ओरडलेलं मी ऐकलं नव्हतं. मी शिरा केला. सुहासला फोन केला, तो तिकडून ओरडला. नागराजला बोलावून शिरा दिला. मला अगदी लाज वाटावी इतका आनंद झाला, कारण मागितलेलं मिळालं होतं आणि अजून कितीतरी दिवस हातात होते. त्या आठवड्यात रोजच्या गोळ्या देताना मी गुणगुणत होते.

पुढच्या रविवारी ह्यांना अशक्तपणा होता म्हणून गाडी मी घेतली. म्हटलं, चला, नेलमंगलाजवळ तट्टे इडली खाऊन येऊ, आता तपासायचं काही नाही, नुसतं फिरायचं. पीण्याचा लांबलचक उड्डाणपूल संपला, रस्ता मोकळा झाला, धुक्यात बाजूच्या नाचणीच्या कापलेल्या शेतांवर पांढरं काहीतरी पसरलं होतं. ह्यांनी खिडकी खाली केली होती. काटा साठला आला आणि माझ्या तळहातात थरथर सुरू झाली. अगदी होती तशीच.

 सत्तरला नेलं, थांबली. पुन्हा साठला आणलं, सुरू. हे शेजारी शांत बसून रस्ता बघत होते. मग मी गाडी बाजूला घेतली आणि सांगितलं. सांगायलाच हवं होतं. ह्यांच्यापासून गाडीतली खोट लपवणं म्हणजे ह्यांचा अपमान. हे म्हणाले, "नाही गं, गेलीय ती. मी चालवलीय की." मग आपले दोन्ही तळहात समोर धरून बघत राहिले. बोटांची टोकं चोळली, एकमेकांवर दाबली. "झिणझिण्या येत होत्या आधी," हे म्हणाले. "आता त्याही येत नाहीत." औषधांनी हात बधिर होतात असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते आम्ही ऐकलं होतं आणि दूध नासतं हे माहीत असावं तितकंच लक्षात ठेवलं होतं. गाडीची थरथर गेली नव्हती. ह्यांचे हात गेले होते.

त्याच दिवशी परतीच्या वाटेवर रस्त्याकडेला अवरेकाईचे ढीग दिसले, हंगामातले पहिले. आम्ही शेंगा घेतल्या. अवऱ्याचे दाणे रात्रभर भिजवून सकाळी एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा, म्हणजे साल हातात राहतं आणि आतली डाळ टुणकन उडून ताटात पडते. इकडं घरोघरी हे काम पुरुषांना बसवून करून घेतात. हे त्यात पटाईत. दुसऱ्या दिवशी सकाळी हे बसले आणि दाणा केव्हा सुटला ते ह्यांना कळेना. कधी डाळ चिरडायची, कधी साल तसंच ताटात पडायचं. मी स्वयंपाकघरातून बघत होते. थोड्या वेळानं हे शांतपणे उठले, ताट माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाले, "आता गाडी तूच चालव. मी शेजारी बसतो. तू मला सांगायचं."

असा तो हंगाम सुरू झाला. मला दु:ख इतकं झालं होतं की सुरुवातीला मी ते काम रडत करत होते, हे खरंच सांगते. पहाटे स्वेटर, ह्यांना कानटोपी, थर्मासमध्ये कॉफी. चामराजपेटच्या बंद दुकानांमधून बाहेर पडायचं, पुलावर चढायचं. पुलाखालून पीण्याचे पत्रे दिसायचे, ह्यांचा जुना कारखानाही. हे त्याच्याकडं कधी बघत नसत. मग मोकळा रस्ता, आणि मी मोठ्यानं काटा वाचायला लागायची. "पन्नास. पंचावन्न. अठ्ठावन्न."

"आता?"

"आली."

"कुठं? हातात, की बसल्या जागी?"

हातात येत असेल तर दोष पुढच्या बाजूला, बसल्या जागी येत असेल तर मागच्या बाजूला. एवढं साधं त्याचं गणित. पण लग्नाला इतकी वर्षं होऊन ह्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. ताप आहे का, पैसे पुरे आहेत का, भाजी काय आणू, हे विचारलेलं. तुला काय जाणवतंय, नेमकं कुठं जाणवतंय, आणि मग माझं उत्तर येईपर्यंत श्वास रोखून गप्प बसणं, हे त्या रस्त्यावरच झालं. मी पहिल्यांदा म्हटलं, "हलतंय." हे म्हणाले, "हलतंय म्हणजे काय ते सांग की. तू शब्दांची बाई ना?" मग मी शब्द शोधायला लागले. थरथर म्हणू की गदगद. झिणझिण म्हणू की डगडग. थंडीत दात वाजतात तशी बारीक, की बैलगाडीत बसल्यासारखी मोठी. एकदा मी म्हटलं, "कुणीतरी खालून बोटानं टकटक करतंय, पण घाईत." हे खूश झाले. नागराजला तेच वाक्य जसंच्या तसं सांगितलं, आणि तो बिचारा मान हलवत चाकाखाली शिरला.

हवेचा दाब झाला. चाकांचा तोल साधून कडेला शिशाचे तुकडे लावून झाले. मी सांगितलं, "कमी आहे." हे म्हणाले, "कमी आहे, की उशिरा येतेय?" मी पुन्हा परत फिरून साठ गाठलं, तेव्हा कळलं की खरंच, कमी नव्हती, उशिरा येत होती. पुढची चाकं मागं आणि मागची पुढं केली. थरथर हातातच राहिली, म्हणजे चाकं निर्दोष. चारी चाकांना पिवळी खूण. बेअरिंग. खूण. डोळ्यांनी तरी दिसेल म्हणून ह्यांनी एकदा पाण्याची वाटी समोर ठेवली, पण रस्ताच तिला इतका हलवत होता की गाडीचं हलणं त्यात सापडेना. रस्त्याचं आणि गाडीचं वेगळं करायला हातच लागतात. माझे होते तेवढेच आता दोघांत.

परत येताना इडलीच्या टपरीवर थांबायचं. तट्टे इडली ताटलीएवढी. ह्यांना अर्धी जायची, मग पाव, मग नुसती चटणी चाखायचे. गाडीत मागं अवऱ्याच्या शेंगांची पिशवी. वास सगळ्या गाडीत भरायचा. त्या पहाटा सुंदर होत्या असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. ह्यांचा रंग उतरत चालला होता, वळणावर हे दाराला कलंडायचे, आणि प्रत्येक रविवारी एका कारणावर काट मारली जात होती पण दिवसही तसाच एकेक जात होता. मला कळत होतं की हिशेब जुळणार नाही. तरी आठवडाभर मी रविवारची वाट बघायची. असंही असतं.

याच काळात हे एकदा डॉक्टरांना म्हणाले, "तुम्ही तीन औषधं एकदम सोडता. हात कुठल्यानं गेले?"

"काका, तसं सांगता येत नाही. तिन्ही मिळूनच असतात."

"एकेक देऊन बघता येणार नाही?"

"तेवढा वेळ नाही काका," डॉक्टर म्हणाले. पोरगा चांगला होता, त्याला हे बोलायला जड गेलं.

"सरी," हे म्हणाले. सरी म्हणजे कानडीत ठीक आहे. दुकानात, रिक्षात, दिवसातून शंभरदा म्हणायचा शब्द. ह्यांनी तो ज्या आवाजात म्हटला तो मला आवडला नाही. डॉक्टरांच्या पद्धतीला खूण मिळाली नव्हती, पण माल दाराबाहेर चालला होता.

संक्रांतीच्या आधी ह्यांना अॅडमिट करावं लागलं. तोवर फक्त स्टिअरिंगची पेटी, ब्रेकचे ड्रम आणि दोन-चार बारीक गोष्टी उरल्या होत्या. दवाखान्यात पडल्या पडल्या हे मला म्हणाले, "आता तू सांगितलेल्या सगळ्यावरून मला ड्रम वाटतोय. उजवीकडचा. पण वाटून उपयोग नाही, बघितलं पाहिजे. घरी गेलो की पहिला रविवार ड्रम." डोळे मिटूनही हे आनंदात होते. मी ह्यांच्या हातावर हात ठेवला, तो ह्यांना कळला नाही, मग गालाला लावला.

घरी न्यायच्या दिवशी सुहास खाली गाडी घेऊन आला. आमची चंदनी गाडी, धुवून पुसून. चार नवे टायर. तो रात्रंदिवस काम करून डोळे सुजलेला, आणि हसत होता. म्हणाला, "अप्पा, सरप्राइज! आठवडाभर दिली होती एका मोठ्या गॅरेजला. टायर, सांधे, बेअरिंग, ड्रम, स्टिअरिंगची पेटी, सगळं नवं टाकलं. मी स्वतः हायवेला नेऊन आलो. ऐंशीपर्यंत. एकदम स्मूद. थरथर टोटली गेली!"

हे व्हीलचेअरवर होते. म्हणाले, "काय होतं?"

"म्हणजे?"

"कशात होता दोष?"

"कुणास ठाऊक अप्पा. सगळंच बदललं ना."

"जुने भाग ठेवलेस?"

सुहासनं माझ्याकडं बघितलं. त्याला अजून काही कळलं नव्हतं. "ते… गॅरेजवाल्यानं भंगारात टाकले असतील. हवे होते का?"

"सरी," हे म्हणाले. मग हात वर करून ह्यांनी सुहासच्या डोक्यावर ठेवला. "चांगलं केलंस."

खरंच चांगलंच केलं होतं त्यानं. त्यानं सुटी घेतली, झोप सोडली, बापाला न हादरता घरी न्यायचं म्हणून जिवाचं रान केलं. त्याला रागवावं असं त्यात काहीही नव्हतं आणि आजही नाही. मी मागच्या सीटवर बसले. सुहास गाडी हळू हळू चालवत होता, वाहतूक होती, काटा तिशीच्या वर गेला नाही. शेंगांचा वास धुवून निघाला होता. हे पुढं बसून समोरच्या बसकडं बघत होते. मला ओरडायचं होतं की थांबव, जाऊ, ते भंगार शोधू. पण कुठल्या भंगारवाल्याकडं जाणार, आणि ह्यांना घेऊन जाणार तरी कसं.

त्यानंतर रविवार आले पण पहाटे कुणी उठवलं नाही. हे गाडीचं नाव काढत नसत. नागराज येऊन बसायचा, इकडचं तिकडचं बोलायचा, जाताना गाडीवरून हात फिरवून जायचा. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "उजवा ड्रमच असेल, तुम्ही म्हणत होता तो." हे म्हणाले, "असेल." मी वाट बघितली. एरवी 'असेल' या शब्दावर हे तासभर वाद घालत. आजार तोच होता, औषधं तीच होती, पण माणूस विचारायचं थांबला की पुढं किती दिवस राहतो ते मी जवळून पाहिलं. बाजारात अवरेकाई सुकट यायला लागली, मग यायची थांबली. उगादीच्या, म्हणजे आपल्या गुढीपाडव्याच्या, आधी हे गेले.

गाडी सुहासच्या नावावर झाली, पण त्याच्या इमारतीत जागा नाही म्हणून ती इथंच असते. तो फोनवर विचारतो, "आई, गाडी कशी चालते?" मी म्हणते, "छान." तो खूश होतो. बापासाठी शेवटी एक गोष्ट तरी पुरी केली, हे त्याच्याकडं आहे. ते मी काढून घेणार नाही, कधीच.

परवा अवरे आल्या आणि या रविवारी मी पहाटे उठले. थर्मास भरला नाही. शेंगांची पिशवी मात्र मागच्या सीटवर ठेवली. पूल, पीण्याचे पत्रे, धुकं. रस्ता मोकळा झाला तशी मी सवयीनं मोठ्यानं वाचायला लागले. "पन्नास. पंचावन्न. साठ." थांबले. काही नाही. "पासष्ट." काही नाही. सत्तर. परत साठ. स्टिअरिंग हातात नुसतं होतं. रस्त्याचं हलणं तेवढं येत होतं, गाडीचं काहीच नव्हतं. शेजारच्या रिकाम्या सीटकडं मी बघितलं नाही. आणि मग मला अंगावर काटा आणणारी शंका आली, की माझेच हात गेले असतील तर?

टपरीपाशी गाडी थांबवली. पिशवीतून एक शेंग काढली, सोलली, कोवळा दाणा चिमटीत धरून दाबला. साल बोटांत राहिलं आणि डाळ माझ्या मांडीवर पडली, थंड आणि गुळगुळीत. सगळं कळलं. हात ठीक होते. म्हणजे गाडीच बरोबर झाली होती.

डॅशबोर्डच्या खणात ह्यांच्या खडूंची डबी होती. वापरलेला पिवळा खडू एका बाजूनं तिरका झिजला होता, ह्यांच्या धरण्यासारखा. तो घेऊन मी उतरले आणि गाडीभोवती फिरले. चाकं नवी. वाकून आत बघितलं, सगळं नवं, ह्यांनी केलेली एकही खूण कुठं शिल्लक नव्हती. ज्यांच्यावर होत्या ते भाग गेले. गाडी आता निर्दोष होती. खूण करायला हवी होती. पण काय सापडलं म्हणून करायची? कशावर करायची? मी उजव्या पुढच्या चाकापाशी बसले, मग उठले. खडू धरून तशीच उभी राहिले.

इडलीवाल्यानं टपरीतून विचारलं, "एनायतम्मा, काय झालं? गाडी बिघडली का?"

"इल्ल," मी म्हटलं. "काही नाही झालं. सगळं बरोबर आहे."

खडू डबीत ठेवला आणि घरी निघाले. रस्ता मोकळा होता, मागचे ट्रक हॉर्न मारून पुढं जात होते, पण मी काटा चाळिसाच्या वर जाऊ दिला नाही. चाळिसाला काही कळत नाही. थरथर गेलीय की अजून आहे, ते तिथं कुणालाच सांगता येत नाही.